जावर

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याचे जस्ताच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले जुने गाव. उदयपूरच्या दक्षिणेस सु. ४० किमी. अंतरावर, अरवलीच्या डोंगरांत, टिडी नदीकाठी. आधुनिक खाणी व त्यांची वसाहत जवळच आहे. येथे विचार केला आहे तो उजाड पडलेल्या जुन्या जावरचा.

खाणींच्या आरंभाविषयी मतभेद आहेत. राजस्थानचा इतिहास लिहिणारे ब्रिटिश अधिकारी कर्नल टॉड यांनी नोंदवलेल्या मेवाडी परंपरेनुसार त्या राणा लाखाच्या काळात (चौदाव्या शतकाची अखेर) सापडल्या. इ. स. ६४६ च्या सामोली शिलालेखात अरण्यकूपगिरीवरील खाण येते. ती जावरचीच असे काही अभ्यासक मानतात, पण ही ओळख निर्णायक नाही. बोगद्यांतील आधाराच्या लाकडांचे कार्बन-१४ कालमापन मात्र इसवी सनापूर्वीच्या शतकांपर्यंत मागे जाते. तेव्हा लाखाच्या काळी खाणी सापडल्या नाहीत, पुन्हा जोमाने चालू झाल्या, असे मानणे अधिक सयुक्तिक. शिवाय खाणीचे वय म्हणजे जस्ताचे वय नव्हे. आरंभीचे काम बहुधा शिसे व चांदीसाठी असावे. जस्ताचे मोठे उत्पादन साधारण बाराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यान सुरू झाले असावे.

जस्त काढणे अवघड, कारण त्याच्या ऑक्साइडापासून कोळशाने धातू सुटण्यास सु. १,०००° से. तापमान लागते आणि धातू ९०७° लाच उकळतो. तो वाफ होऊनच बाहेर पडतो, हवा लागताच जळून पांढरी राख होतो. जावरच्या कारागिरांनी ही वाफ खाली उतरवली. भाजलेले खनिज, कोळसा, डोलोमाइट व थोडे मीठ यांच्या गोळ्या वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत भरत. रसरत्नसमुच्चय या रसशास्त्रावरील संस्कृत ग्रंथातील ‘वृंताकमूषा’ (वांग्याच्या आकाराची मूस) ती हीच. तोंडाला मातीची नळी लिंपून मूस उलटी ठेवत. नळीत एक काडी खोचलेली असे: ती जळेपर्यंत गोळ्या खाली पडत नसत, जळल्यावर वाफेला वाट मिळे. चार सच्छिद्र तबकांवर अशा ३६ मुशा मावत. वर भट्टी, खाली वाफ थिजवण्याची कोठी. मुशीला तडा गेला की वाफ जळून जाई. कोठी फार तापली तर वाफ थिजत नसे, फार गार राहिली तर धातूऐवजी भुकटी मिळे. १९८३ मध्ये उत्खननात अशा सात भट्ट्यांची एक रांगच मिळाली.

इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ मध्ये एकस्व (पेटंट) घेतलेल्या जस्त काढण्याच्या पद्धतीतही वाफ खालीच उतरते. साम्य ठळक आहे, पण ज्ञान जावरहून गेल्याचा थेट पुरावा नाही.

मराठ्यांच्या स्वाऱ्यांनी मेवाड खिळखिळा झाला होता. १८१२-१३ च्या दुष्काळानंतर येथील काम थांबले.

पाहण्यासारखे : जावरमातेचे मंदिर, जैन मंदिरांचे अवशेष, आणि राणा कुंभाची कन्या रमाबाई हिने बांधवलेले रामनाथ मंदिर व कुंड. पण जावरचे खरे वैभव मुशांत आहे. एकदा वापरलेली मूस आत राखेने घट्ट भरून जाई, म्हणून ती टाकून देत. त्यांच्या टेकड्याच साचल्या आहेत, आणि गावकऱ्यांनी घरांच्या भिंतीही त्यांच्याच रचल्या. आडव्या रचलेल्या मुशांची गोल टोके ओळीने दिसतात. आगीने त्यांच्या पाठीवर काचेसारखा थर चढला आहे.