अंगठा आणि स्क्रीन : हातातल्या कन्सोलची पार्श्वभूमी

निन्टेंडोचा स्विच २ हा कन्सोल ५ जून २०२५ रोजी विक्रीस आला आणि ज्यांनी तो पहिल्याच दिवशी हातात घेतला, त्यांचे बोलणे प्रामुख्याने दोन गोष्टींभोवती फिरत राहिले. दोन्ही बाजूंना चुंबकाने चिकटणारे, पूर्वीपेक्षा आकाराने मोठे झालेले जॉय-कॉन कंट्रोलर ही पहिली गोष्ट, आणि ७.९ इंचांची, १९२० बाय १०८० पिक्सेलची, सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकणारी एलसीडी स्क्रीन ही दुसरी. कोणताही नवा कन्सोल हाती आला की पहिल्या तासाभरात पकड कशी आहे आणि स्क्रीन कशी आहे, हेच दोन प्रश्न विचारले जातात. प्रोसेसरबद्दल मत बनायला काही आठवडे जावे लागतात. बोटे आणि डोळे मात्र लगेच निकाल देऊन मोकळे होतात.

हे प्रश्न वेगवेगळे विचारले जात असले, तरी हातात धरून खेळायच्या कन्सोलच्या बाबतीत त्यांची उत्तरे एकमेकांत अडकलेली असतात. स्क्रीन मोठी केली की दोन अंगठ्यांमधले अंतर वाढते, ती उजळ केली की बॅटरी मोठी करावी लागते, बॅटरी मोठी झाली की वजन मनगटावर येते, आणि कन्सोल पातळ ठेवायचा म्हटला की अंगठ्याने ढकलायच्या स्टिकच्या खालच्या यंत्रणेला जागाच उरत नाही. गेल्या चार दशकांत कंट्रोलरमध्ये जे जे बदल झाले, त्यांतले बरेचसे स्क्रीनच्या अडचणीतून निघाले आहेत. म्हणून या दोन्हींचा इतिहास एकत्रच वाचावा लागतो.

सुरुवातीला हात आणि पडदा यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, कारण पडदा घरातल्या टीव्हीचा असे. राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून तयार झालेला आणि १९७२ मध्ये बाजारात आलेला मॅग्नावॉक्स ओडिसी हा घरगुती कन्सोलांतला पहिला. त्याचा कंट्रोलर म्हणजे फिरवायच्या खुंट्या बसवलेला एक डबा होता. एक खुंटी पडद्यावरचा ठिपका आडवा सरकवत असे, तर दुसरी उभा. मैदान, जाळे किंवा चक्रव्यूह दाखवण्याची ताकद यंत्रात नसल्यामुळे त्यांची चित्रे छापलेले पारदर्शक प्लास्टिकचे पडदे टीव्हीच्या काचेवर लावले जात. १९७७ च्या अटारी कन्सोलसोबत एक दांडा आणि एक लाल बटण असलेला जॉयस्टिक आला आणि बरीच वर्षे 'व्हिडिओ गेम' म्हटले की तोच डोळ्यांसमोर येत असे. हा दांडा ढकलण्याचे काम मुख्यतः मनगटाचे होते. अंगठ्याला खेळाची सूत्रे अजून मिळालेली नव्हती.

ती मिळाली एका छोट्या, घडीच्या खेळण्यामुळे. निन्टेंडोचे अभियंते गुन्पेई योकोई यांनी १९८० मध्ये 'गेम अँड वॉच' ही मालिका सुरू केली. कॅल्क्युलेटरांमुळे स्वस्त झालेला एलसीडी पडदा त्यांनी खेळासाठी वापरला. त्यावर चित्र हवे तिथे काढता येत नसे. प्रत्येक आकृतीची जागा आधीच ठरलेली असे आणि ती नुसती उमटत किंवा नाहीशी होत असे. जुन्या, चांगल्या परिचयाच्या आणि स्वस्त तंत्रज्ञानाचा कोणाला न सुचलेला उपयोग शोधायचा, ही योकोई यांची भूमिका होती आणि ती निन्टेंडोत त्यांच्यानंतरही टिकून राहिली. १९८२ मध्ये याच मालिकेत 'डाँकी काँग' हा खेळ आणायचे ठरले. त्यात वर एक आणि खाली एक अशा दोन स्क्रीन होत्या आणि खेळून झाल्यावर यंत्राची घडी घालता येत असे. हा खेळ मुळात आर्केडमध्ये दांड्याने खेळला जाई. पण घडी होणाऱ्या यंत्रावर उभा दांडा बसवला असता, तर झाकण मिटलेच नसते. स्क्रीनच्या रचनेने दांड्याची वाट बंद केली आणि योकोई यांनी अधिक चिन्हाच्या आकाराचे, सपाट, एकसंध बटण तयार केले. यालाच आज डी-पॅड म्हणतात.

या बटणाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. वरून चार बटणे वाटली, तरी तो प्लास्टिकचा एकच तुकडा असतो आणि त्याच्या खाली मधोमध एक लहानसा उंचवटा असतो. त्या उंचवट्यावर तुकडा तराजूच्या दांडीसारखा झुलतो. उजवीकडे दाबले की डावी बाजू आपोआप उचलली जाते, त्यामुळे दोन विरुद्ध दिशा एकाच वेळी दाबल्या जाणे जवळजवळ अशक्य होते. अंगठा मधोमध टेकला की चारही बाजू त्वचेला जाणवतात आणि बोट नेमके कुठे आहे हे पाहण्यासाठी खाली नजर टाकावी लागत नाही. नजर स्क्रीनवर खिळलेली राहावी आणि हाताने आपली जागा स्वतःच ओळखावी, ही आजच्या प्रत्येक कंट्रोलरकडून असलेली अपेक्षा इथे पहिल्यांदा नीट पूर्ण झाली. पुढच्याच वर्षी, जुलै १९८३ मध्ये, निन्टेंडोच्या फॅमिकॉम या घरगुती कन्सोलच्या कंट्रोलरवर हे बटण टीव्हीसमोरही आले आणि त्याची मूळ कल्पना आजतागायत बदललेली नाही.

पहिल्या नजरेचा कौल किती फसवा ठरू शकतो, हे १९८९ मध्ये दिसले. त्या वर्षी आलेल्या निन्टेंडोच्या गेम बॉयची स्क्रीन १६० बाय १४४ पिक्सेलची होती. तिच्यात रंग नव्हते, फक्त हिरवट पार्श्वभूमीवरच्या चार छटा होत्या, आणि मागून प्रकाश देणारा दिवाही नव्हता. कोणी आज तो हातात घेतला, तर पहिली काही मिनिटे डाव्या कडेची कॉन्ट्रास्टची चकती फिरवण्यात आणि दिव्याचा उजेड काचेवर नेमका पडेल असा कोन शोधण्यात जातात. पात्र वेगाने पळू लागले की त्याच्या मागे पुसट सावली ओढली जाते, कारण त्या एलसीडीतले पिक्सेल जुने चित्र पटकन सोडत नाहीत. त्याच वर्षी आलेल्या अटारी लिंक्सची स्क्रीन रंगीत होती आणि तिला मागून प्रकाश होता. पाठोपाठ १९९० मध्ये सेगाचा गेम गियर आला, त्याचीही स्क्रीन तशीच होती. तिन्ही यंत्रे शेजारी ठेवून पाच मिनिटे पाहिली असती, तर गेम बॉयला कोणी पसंती दिली असती असे वाटत नाही. परंतु लिंक्स आणि गेम गियर यांना सहा पेन्सिल सेल लागत आणि ते साधारण तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉय मात्र चार सेलवर दहा तासांहून अधिक चाले आणि हातात हलका वाटे. पुढे आलेल्या गेम बॉय कलरसह त्याची विक्री ११ कोटी ८० लाखांच्या वर गेली.

या यशातून निन्टेंडोने चुकीचाही धडा घेतला, असे म्हणावे लागते. २००१ चा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स रंगीत होता, पण त्यालाही प्रकाश दिलेला नव्हता. रंगीत स्क्रीनमध्ये बाहेरचा उजेड रंगांच्या गाळण्यांतून एकदा आत आणि परावर्तित होऊन पुन्हा एकदा बाहेर असा दोनदा जातो आणि दोन्ही वेळा त्याचा मोठा भाग शोषला जातो, त्यामुळे काळ्या-हिरव्या गेम बॉयपेक्षाही तो अंधूक दिसे. २००३ मध्ये आलेल्या एसपी या घडीच्या आवृत्तीत समोरून पडणारा प्रकाश आणि चार्ज होणारी बॅटरी आली, तेव्हा कुठे हा प्रश्न सुटला.

कंट्रोलरच्या बाजूने या काळात एक मोठी भर पडत होती आणि तिनेच पुढे सर्वांत मोठी डोकेदुखी निर्माण केली. त्रिमितीय जगात पात्राला हळू चालवायचे की पळवायचे, हे डी-पॅडला सांगता येत नाही, कारण तो फक्त दाबला आहे किंवा नाही एवढेच जाणतो. किती ढकलले हे कळणारी स्टिक त्यासाठी हवी होती. असा प्रयत्न १९८२ मध्ये अटारी ५२०० वर झाला होता, पण त्याचा दांडा सोडल्यावर आपोआप मध्यावर परत येत नसे आणि तो वारंवार बिघडत असे. १९९६ मध्ये निन्टेंडो ६४ ने अंगठ्याखालची स्टिक रूढ केली आणि १९९७ मध्ये सोनीने दोन स्टिक आणि कंपन देणाऱ्या मोटारी असलेला ड्युअलशॉक आणला. एका अंगठ्याने चालायचे आणि दुसऱ्याने पाहण्याची दिशा बदलायची, ही आज हातवळणी पडलेली सवय तिथून पुढे घडली.

अशा बहुतेक स्टिकच्या आत पोटेन्शिओमीटर असतात. कार्बनचा थर दिलेल्या पट्टीवर धातूची एक बारीक जिभली घासत फिरते आणि ती कुठे टेकली आहे यावरून विद्युत रोध बदलतो; त्या आकड्यावरून कन्सोलला स्टिकची जागा कळते. लाखो वेळा घासल्यावर थर झिजतो, त्यात कण साचतात, आणि मग स्टिकला कोणी हात लावलेला नसतानाही आकडा मध्यावर स्थिर राहत नाही. स्क्रीनवरचे पात्र आपोआप एका बाजूला चालू लागते. यालाच ड्रिफ्ट म्हणतात. याला पर्यायही होता. सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये चुंबक आणि चुंबकीय क्षेत्र ओळखणारे हॉल सेन्सर वापरले होते. त्यांत काहीच एकमेकांवर घासत नसल्यामुळे तशी झीज होत नाही. एवढी चांगली रचना हाताशी असताना पुढची दोन दशके मोठ्या कंपन्यांनी ती आपल्या मुख्य कंट्रोलरसाठी बाजूला ठेवावी, याची मला खरोखर खंत वाटते.

ड्रीमकास्टच्याच कंट्रोलरमध्ये आणखी एक गोष्ट होती: त्यात बसणाऱ्या मेमरी कार्डाला ४८ बाय ३२ पिक्सेलची चिमुकली स्क्रीन होती. कंट्रोलरमध्येच स्क्रीन बसवण्याची ही कल्पना २०१२ मध्ये निन्टेंडोच्या वी यू या कन्सोलने टोकाला नेली. त्याच्या गेमपॅड नावाच्या कंट्रोलरमध्ये ६.२ इंचांची ८५४ बाय ४८० पिक्सेलची स्क्रीन होती आणि दोन्ही बाजूंना स्टिक व बटणे. हातात घेतल्यावर तो आकाराच्या मानाने हलका आणि आरामशीर वाटे, आणि टीव्ही दुसऱ्याला देऊन खेळ हातातल्या स्क्रीनवर चालू ठेवता येई. अडचण निराळी होती. निन्टेंडोच्याच डीएस या हातातल्या कन्सोलच्या दोन स्क्रीन एकाखाली एक, एकाच नजरेत मावत. इथे एक स्क्रीन मांडीवर आणि दुसरी खोलीच्या पलीकडे होती. दर वेळी मान खाली-वर करायची आणि डोळ्यांनी नव्याने अंतर जुळवायचे, हे पहिल्या दिवशी नवलाचे वाटले तरी रोजच्या खेळात जाचक होई. शिवाय गेमपॅड मूळ कन्सोलपासून फार दूर नेता येत नसे. वी यूची विक्री १ कोटी ३५ लाखांच्या आसपास थांबली.

३ मार्च २०१७ रोजी आलेला स्विच म्हणजे याच प्रश्नाचे दुसरे उत्तर होते. स्क्रीन तेवढीच, ६.२ इंचांची, पण आता कन्सोल स्वतःच तिच्या मागे बसला आणि कंट्रोलर काढता-लावता येऊ लागले. एका वेळी एकाच स्क्रीनकडे पाहायचे, हे ठरून गेले. या सोयीची किंमत कंट्रोलरला मोजावी लागली. पाटीसारख्या पातळ यंत्राच्या कडेला लावायचा जॉय-कॉन लहान आणि चपटा ठेवावा लागला, त्याची स्टिक बुटकी करावी लागली, आणि ड्रिफ्टच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०१९ पासून अमेरिकेत सामूहिक दावे दाखल झाले व जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल क्षमा मागितली. स्क्रीनची बाजू मात्र उजळत गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये स्विचची ७ इंचांची ओएलईडी आवृत्ती आली. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो आणि काळ्या जागी तो पूर्ण विझतो. ही स्क्रीन हातातल्या कन्सोलमध्ये सोनीच्या व्हिटाने २०११ मध्येच दाखवली होती. आता तिची सवय फार मोठ्या वर्गाला लागली.

स्विच २ कडे पाहताना हा सगळा मागचा हिशेब हातात घेऊनच लोक बसले होते. ओएलईडीची सवय झालेल्यांना त्याच्या एलसीडीवरचा काळा रंग किंचित करडा दिसला. १२० हर्ट्झ म्हणजे कन्सोल सेकंदाला १२० चित्रे पाठवू शकतो एवढेच. प्रत्येक पिक्सेलमधले द्रव स्फटिक तेवढ्या वेगाने वळतातच असे नाही, आणि स्वतंत्र चाचण्यांत ते सावकाश वळत असल्याचे दिसले. वेगवान दृश्यात कडा पुसट होतात, ते यामुळे. १९८९ च्या गेम बॉयवर ओढली जाणारी सावली याच जातीची होती, अर्थात कितीतरी अधिक गडद. दुसरीकडे, कागदावर कोरडे वाटणारे १०८० हे आकडे प्रत्यक्षात अक्षरांच्या स्वच्छ कडांमधून लगेच जाणवतात. जाडी पहिल्या स्विचइतकीच, १३.९ मिलिमीटर ठेवली आहे. कंट्रोलर धरून वजन मात्र सुमारे ४०० ग्रॅमवरून सुमारे ५३५ ग्रॅमवर गेले आहे. पहिल्या दहा मिनिटांत हा फरक भक्कमपणासारखा वाटतो. पलंगावर आडवे होऊन, हात वर धरून खेळताना तोच फरक वेगळा जाणवतो.

पूर्वीच्या रुळांवर जॉय-कॉन वरून खाली सरकवावा लागे आणि काही काळाने तो जोड सैल होई. आता तो जवळ नेला की चुंबक त्याला ओढून घेतात आणि मागची कळ दाबल्याशिवाय सहजी सोडत नाहीत. काढलेला जॉय-कॉन कडेवर उभा करून टेबलावर सरकवला, तर तो माऊससारखा चालतो. ही कड धरायला अरुंद आहे आणि हात लवकर अवघडतो, तरी नेम धरण्याचे काम स्टिकपेक्षा त्यावर निश्चितच सोपे होते. स्टिकची टोपी मोठी झाली आहे आणि तिची हालचाल अधिक मऊ व नि:शब्द आहे. विक्री सुरू होण्याआधीच निन्टेंडोने सांगितले होते की या स्टिक नव्याने घडवल्या आहेत, मात्र त्यांत हॉल सेन्सर नाहीत. आणि दुरुस्तीच्या क्षेत्रातल्या लोकांनी कन्सोल बाजारात येताच जॉय-कॉन उघडला, तेव्हा आत पोटेन्शिओमीटरच आढळले.