कोवळ्या वासराच्या अंगातून औषध ‘लगेच’ जात नाही

देवणी जातीच्या वासराला हगवण लागली की उदगीरकडच्या गोठ्यांत जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या (जंतू मारणाऱ्या औषधाच्या) इंजेक्शनाबद्दल एक सल्ला हमखास मिळतो: ‘कोवळं अंग, औषध लगेच लघवीवाटे जातं, सकाळ-संध्याकाळ टोचा.’ वाट बरोबर, वेग चुकीचा. जेंटामायसिन मूत्रपिंडातूनच बाहेर पडतं, पण जन्मानंतरचे काही दिवस मूत्रपिंडं पुरती तयार नसतात. औषध मोठ्या जनावरापेक्षा जास्त वेळ रेंगाळतं. त्यात हगवणीनं डोळे खोल गेलेले, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहणारी, म्हणजे अंगातलं पाणी घटलंय आणि मूत्रपिंडाला रक्तच कमी पोचतंय. अशात वरचेवर टोचलेलं औषध तिथंच साठून मूत्रपिंड बिघडवतं. आधी क्षार-पाणी द्या. डोस आणि दोन टोचण्यांमधलं अंतर डॉक्टरांनी वय-वजन बघून ठरवायचं, शेजारच्या काकांनी नव्हे! रक्तातून गेल्यावरही हे औषध मूत्रपिंडात महिनोन्‌महिने सापडतं.