शिकारीचा ससाणा आणि शाळेत येणारा ससाणा

अमेरिकेतल्या मराठी घरांत हा प्रसंग नेहमीचा आहे. मूल शाळेतून किंवा वाचनालयातून येतं आणि सांगतं, "आज एका बाईंच्या हातावर खराखुरा ससाणा होता!" फोटो इकडे आजोबांकडे येतो आणि आजोबा विचारतात, "म्हणजे पूर्वी संस्थानिक शिकारीसाठी पाळायचे, तसा?"

शंका रास्त आहे, कारण फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. तोच जाड चामडी हातमोजा, पायात त्याच चामड्याच्या पट्ट्या, तीच ताठ मान. तरीही हातावर ससाणा घेऊन शिकारीला जाणं वेगळं आणि ससाणा घेऊन लोकांना शिकवायला जाणं वेगळं. अमेरिकेत दोन्हींचे परवानेही वेगळे आहेत.

शिकारीचा पक्षी धडधाकट असावाच लागतो. अमेरिकेत नवशिक्याला आधी लेखी परीक्षा द्यावी लागते, पक्ष्याच्या जागेची तपासणी होते आणि किमान दोन वर्षं अनुभवी माणसाच्या हाताखाली काढावी लागतात. बरेच जण रेड-टेल्ड हॉक या तिथल्या शिकारी पक्ष्याचं रानातलं पहिल्या वर्षाचं पाखरू पकडून त्याला शिकवतात. पक्ष्याचं वजन रोज काट्यावर होतं, कारण पोट भरलेला पक्षी झाडावर जाऊन बसतो आणि हाक मारली तरी खाली येत नाही. सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरणाऱ्या अमेरिकन केस्ट्रेल या छोट्या ससाण्याच्या बाबतीत तर चार-पाच ग्रॅमही जिवावर बेतू शकतात. मग एक दिवस दोरी सुटते. पक्षी मोकळ्या आकाशात जातो आणि परतायचं की नाही हे तोच ठरवतो. हंगाम संपल्यावर त्याला कायमचं रानात सोडून देणारेही पुष्कळ आहेत.

शाळेत येणाऱ्या पक्ष्यापुढे हा पर्याय बहुधा नसतो. गाडीची धडक बसून पंख मोडलेला असतो आणि हाड वाकडं जुळलेलं असतं, किंवा एक डोळा गेलेला असतो. काहींचं शरीर ठणठणीत असतं, पण पिल्लू असताना कुणीतरी दयेपोटी घरात वाढवलेलं असतं, त्यामुळे पक्षी माणसालाच आपली जात समजतो. असा पक्षी रानात जोडीदार शोधत नाही, माणसाच्या खांद्यावर येऊन बसतो आणि त्यातच मरतो. मिनेसोटा विद्यापीठातल्या 'रॅप्टर सेंटर'सारख्या संस्था (ही 1974 सालची) जखमी पक्ष्यांवर उपचार करतात, बरे झालेले सोडून देतात आणि सोडता न येणाऱ्यांपैकी स्वभावाने शांत असलेल्यांना या कामासाठी तयार करतात. उपचार चालू असलेला पक्षी लोकांसमोर मांडायला तिथल्या नियमांत मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. आजारी जिवाला गर्दी दाखवून कुणी काय शिकणार?

कार्यक्रमात पक्ष्याइतकंच त्याला धरणाऱ्या माणसाकडे बघा. पक्षी दचकला की मुठीवरून झेप घेतो, पट्टीला हिसका बसतो आणि तो डोकं खाली करून फडफडू लागतो. कसलेली व्यक्ती तिथेच बोलणं थांबवते, दुसरा हात त्याच्या छातीपाठीला देऊन हलकेच वर घेते, गर्दीकडे पाठ करते आणि त्याला दम घेऊ देते. पुन्हा तसंच झालं तर पक्षी सरळ पेटीत जातो, मग तिकिटं विकलेली असोत की नसोत. मुलं ओरडतात, "उडवून दाखवा ना!" यावर "याला उडता येत नाही, आणि का ते सांगते" हे उत्तर मला शंभर उड्डाणांपेक्षा मोलाचं वाटतं. गाडीतून फेकलेल्या अन्नावर उंदीर येतात, उंदरांवर घुबड येतं आणि पुढची गाडी घुबडाला उडवते. हे समोर बसलेल्या घुबडाकडे बघत ऐकलेलं पोर पुढे कधी खिडकीतून केळ्याचं साल फेकणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

अर्थात ही सीमारेषा सगळीकडे इतकी स्वच्छ नाही. इंग्लंडमध्ये न्यूएंट गावातल्या शिकारी पक्ष्यांच्या केंद्रासारख्या ठिकाणी (तेही जुनं, 1967 सालचं) पिंजऱ्यातच जन्मलेले धडधाकट पक्षी मोकळे उडवून दाखवतात. तंत्र शिकाऱ्याचं, हेतू शिक्षणाचा. अमेरिकेतही अनुभवी शिकारी आपला पक्षी घेऊन शिकवायला जाऊ शकतो, मात्र खर्चापुरतेच पैसे घेऊ शकतो. शिवाय डीडीटी या कीटकनाशकामुळे बहिरी ससाण्याच्या (इंग्रजीत पेरेग्रिन) अंड्यांची कवचं पातळ होऊन तो अमेरिकेच्या पूर्व भागातून नाहीसा झाला, तेव्हा त्याला परत आणण्यासाठी 1970 साली 'पेरेग्रिन फंड' उभारणारे टॉम केड स्वतः ससाणे बाळगणारे होते. पिल्लं वाढवून रानात सोडण्याची युक्तीही शिकाऱ्यांच्याच परंपरेतली. 1999 साली बहिरी ससाणा तिथल्या संकटग्रस्त यादीतून बाहेर पडला. तेव्हा शिकारी वाईट आणि शिक्षक चांगला अशी वाटणी करू नका. पक्षी इथे कसा आला आणि त्याला सोडून का देता येत नाही, एवढं विचारा. नीट माणूस हे सांगायला उत्सुक असतो.

आपल्याकडे मात्र दोन्ही प्रकार बसत नाहीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घार, शिक्रा, गव्हाणी घुबड यांपैकी काहीही घरी बाळगता येत नाही. जत्रेत हातावर घुबड घेऊन फोटोचे पैसे मागणारा ना शिकारी असतो ना शिक्षक, तो गुन्हा करत असतो. फोटो काढू नका, वनखात्याला कळवा. संक्रांतीच्या पतंगाच्या मांज्यात अडकलेली घार सापडली तर तिला भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा, चोचीत पाणी ओतू नका, आणि महाराष्ट्रात असाल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.