अचोली नाच आणि युद्धातून परतलेली मुलं (उत्तर युगांडा)

उत्तर युगांडात गुलू, किटगुम, पाडेर या पट्ट्यात अचोली लोक राहतात. १९८७ च्या सुमारास जोसेफ कोनीची लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी ही सरकारविरोधी बंडखोर टोळी तिथे उभी राहिली आणि पुढची जवळपास २० वर्षं या भागाची पार वाट लागली. हजारो मुलं पळवून नेली, त्यांच्या हातात बंदुका दिल्या, मुलींना कमांडर लोकांच्या 'बायका' करून ठेवलं. पळवतील या भीतीने लहान लहान पोरं रोज संध्याकाळी अंगावरचं पांघरूण घेऊन गावातून चालत शहरात झोपायला यायची आणि सकाळी परत जायची. बहुतेक अचोली कुटुंबं सरकारी कॅम्पमध्ये कोंबलेली होती.

कॅम्पमध्ये आणखी एक गोष्ट मोडली, ती म्हणजे 'वांग ऊ', रात्री शेकोटीभोवती बसायची पद्धत. गोष्टी, गाणी, कुळाचा इतिहास, कसं वागायचं हे सगळं पोरं तिथेच शिकायची. म्हणून इथे नाच शिकवणं हा नुसता टाइमपास नाही, तुटलेला धागा परत जोडायचा प्रकार आहे.

नाच बरेच आहेत. 'ब्वोला' हा रवोतचा म्हणजे अचोली प्रमुखाचा दरबारी नाच, पुरुष गोल करून उभे राहतात, प्रत्येकाच्या हातात छोटा ढोल, डोक्यावर शहामृगाची पिसं, आणि सगळ्यांचा ठोका एकदम पडायला लागतो, एक जण चुकला की अख्ख्या रिंगणाला कळतं. 'लाराकाराका' तरुण पोरापोरींचा, लग्न जमवायचा नाच, त्यात वाळवलेल्या भोपळ्याची अर्धी कवटी हातात धरून तिच्यावर सायकलच्या तारा खरडत-आपटत वाजवतात, आवाज असा खर्र-खट्ट येतो की बघणाऱ्याचेही पाय हलतात. 'डिंगी डिंगी' लहान मुलींचा.

बंदूक धरलेल्या पोराला गावात कोणी जवळ करायचं नाही, भीती आणि राग दोन्ही असायचं. परत आल्यावर त्याला कच्च्या अंड्यावर पाय ठेवायला लावून घरात घेतात, हा जुनाच विधी. पण विधी एका दिवसात आटपतो, रिंगणात मात्र रोज शेजारच्याच्या ठोक्याला ठोका द्यावा लागतो, आणि माझ्या मते खरं काम तिथेच होतं, कारण तिथे कोणी 'तू काय केलंस' विचारत नाही.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण पाटोंगोच्या कॅम्पमधल्या प्राथमिक शाळेचं. २००५ मध्ये ही पोरं कंपालाला राष्ट्रीय संगीत स्पर्धेत पहिल्यांदा उतरली आणि ब्वोला करून पारंपरिक नाचाचं बक्षीस घेऊन आली. त्यावरची डॉक्युमेंटरी पुढे ऑस्करच्या नॉमिनेशनपर्यंत गेली.

तरीपण नाचलं की मनाचा आजार गेला असं कोणी सांगत असेल तर जरा थांबा. उत्तर युगांडातल्याच दोन कॅम्पमध्ये १४ ते १७ वयाच्या ३१४ मुलामुलींवर एक अभ्यास झाला, २००७ मध्ये छापून आला. त्यात गटात बसून बोलण्याच्या थेरपीने मुलींचं डिप्रेशन बरंच उतरलं, पण नुसत्या खेळ आणि सर्जनशील उपक्रमांचा डिप्रेशनवर तसा परिणाम दिसला नाही. ते उपक्रम म्हणजे गावच्या जाणत्यांनी शिकवलेला ब्वोला नव्हे हे खरं, पण रात्री दचकून उठणाऱ्या पोराला ढोलासोबत बोलायला माणूसही लागतं.