लॅपटॉपच्या भोकातला लाल उजेड

गिरगावात आमच्या शेजारच्या काकू गाणं शिकवतात. परवा त्यांनी हाक मारली. "अरे, लॅपटॉपवरचा तानपुरा अ‍ॅम्प्लिफायरला जोडला की आधी घूंऽऽ ऐकू येतं, मग तानपुरा. म्हणून लॅपटॉपच्या आवाजाच्या यादीतलं 'डिजिटल आउटपुट' निवडलं, तर सगळंच गप्प झालं. डिजिटल म्हणजे चांगलं ना?"

हा समज घरोघरी आहे. लॅपटॉपमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात असतो. डिजिटल आउटपुट म्हणजे ते आकडे न बदलता बाहेर पाठवणं, एवढंच. स्पीकरच्या पडद्याला आकडे कळत नाहीत, त्याला वर-खाली होणारी वीज लागते. ते रूपांतर 'डॅक' नावाची चिप करते. हेडफोनच्या भोकातून नेहमीचा आवाज घेतला तर हे काम लॅपटॉपमध्येच होतं, डिजिटल घेतला तर पलीकडच्या यंत्रात. काकूंनी निवड डिजिटलची केली, पण वायर साधीच ठेवली. आकडे पोचणार कुठे?

घूंचं कारण वेगळं. चार्जर आणि अ‍ॅम्प्लिफायर दोघेही भिंतीतल्या अर्थिंगला जोडलेले, वर ऑडिओ वायरनेही एकमेकांना जोडलेले. त्यातून एक बंद वळसा तयार होतो आणि आपल्या विजेची ५० हर्ट्झची गुणगुण त्यात शिरते. मी चार्जर उपसला, घूं थांबली.

काकूंचा लॅपटॉप जुना. त्याच्या हेडफोनच्याच भोकात वाकून पाहिलं तर लाल उजेड दिसतो. जुन्या मॅकबुकमध्येही हा असायचा. ही ऑप्टिकल सोय, तोशिबाने १९८३ मध्ये आणलेली टोसलिंक. प्लास्टिकच्या तंतूतून फक्त उजेड जातो, वीज नाही. वळसा तुटतो, घूं जाते.

पण मला खरं वेड आहे ते त्या उजेडाच्या लयीचं. सीडीच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापं, असतात. डाव्या-उजव्या बाजूच्या प्रत्येक नमुन्याला ३२ बिटांची (बिट म्हणजे एक ० किंवा १) जागा, म्हणजे सेकंदाला २८,२२,४०० बिट, सगळे एकाच तंतूतून. ताल धरायला वेगळी वायर नाही. उजेड म्हणजे १ आणि अंधार म्हणजे ० असं ठरवलं आणि ओळीने वीस शून्यं आली, तर पलीकडच्याने ती मोजायची कशी? एकोणीस होती की एकवीस?

यावरची युक्ती अशी: प्रत्येक बिटाच्या सुरुवातीला उजेड पालटायचाच. पेटलेला असेल तर विझवायचा, विझलेला असेल तर पेटवायचा. बिट १ असेल तर मध्यावर आणखी एकदा पालटायचा, ० असेल तर तसाच ठेवायचा. म्हणजे शून्यांची कितीही लांब रांग आली तरी ठोके पडत राहतात, आणि पलीकडचं यंत्र त्या ठोक्यांवरून लय धरतं. भजनात टाळकरी धरतात तशी.

लय मिळाली, पण सम कुठे? त्यासाठी नियम मुद्दाम मोडतात. प्रत्येक ३२ बिटांच्या तोंडाशी उजेड निदान एकदा दीड बिटाएवढा वेळ पालटतच नाही. नियमात राहून हे कधीच घडू शकत नाही, म्हणून यंत्राला कळतं की इथून नवा नमुना सुरू. अशा खुणा तीन: एक डाव्या बाजूची, एक उजव्या बाजूची आणि एक दर १९२ जोड्यांनंतर नव्या गठ्ठ्याची. मला हे तिहाईइतकं देखणं वाटतं.

केबल आणायला लॅमिंग्टन रोडला गेलो, तर एका दुकानात सोन्याचा मुलामा दिलेली ऑप्टिकल केबल "आवाज गोड येतो" म्हणून दाखवली. विजेच्या जोडाला सोनं गंज चढू देत नाही, हे खरं. पण इथे धातूतून काही जातच नाही. असं सांगून लोकांकडून जास्तीचे पैसे घेणं ही फसवणूकच आहे.

नव्या लॅपटॉपमध्ये हा लाल उजेड जवळजवळ दिसत नाही. त्यात टीव्हीला जोडायचं एचडीएमआय असतं, आकडे कमी करण्यासाठी न दाबलेले आवाजाचे आठ चॅनेल नेणारं, तर ऑप्टिकलमधून न दाबलेले दोनच जातात. यूएसबीला बाहेरचा डॅक लावता येतो, पण ती वायर तांब्याची, घूं परत येऊ शकते. ब्लूटूथला वायरच नाही, मात्र आवाज दाबला जातो आणि उशिरा पोचतो.

काकूंना साधी केबल आणि लॅपटॉपच्या गोल भोकात बसणारी छोटी पिन आणून दिली. केबल करकचून वाकवू नका आणि टोकांची टोपणं जपून ठेवा, धूळ बसली की उजेड अडतो, एवढं बजावून आलो.