सालदाराची मजुरी ‘रोज किती’ या रकान्यात कशी बसवायची?

खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतमालकाकडे राबणाऱ्या गड्याचं, वर्ष आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) संपतं आणि नवं साल आखाजीलाच ठरतं. बोली वर्षाची असते: इतकी रोख, इतकं धान्य, कपडे आणि सुरुवातीलाच उचल. मजुरीच्या पाहणीतला प्रश्न मात्र एकच, रोज किती? या रकान्यात साल बसवायची खटपट सत्तरहून जास्त वर्षं चालू आहे.

पहिली अखिल भारतीय शेतमजूर पाहणी 1950-51 ची. तिने रोजंदारीवरचे आणि सालाने बांधलेले असे दोन गट केले, हे चांगलंच झालं. दुसरी पाहणी 1956-57 ची. पुरुष शेतमजुराची सरासरी रोजची मजुरी पहिल्या पाहणीत 109 नवे पैसे होती, दुसरीत ती 96 वर आली. पहिल्या पंचवार्षिक योजनेची पाच वर्षं सरली आणि मजुरी घटली? अर्थतज्ज्ञांत यावर बराच वाद झाला. घोळ बराचसा मोजमापातच होता. पहिल्या वेळी शेतमजूर कुटुंब ठरवताना कामाचे दिवस धरले होते, दुसऱ्या वेळी उत्पन्नाचा मुख्य स्रोत. शिवाय मजुरीत मिळालेल्या धान्याची किंमत आधी किरकोळ भावाने लावली होती, नंतर घाऊक भावाने. ज्वारीचा दाणाही कमी झाला नसेल, तरी कागदावर मजुरी उतरली. मजुराला तेच धान्य दुकानातून घ्यावं लागलं असतं, म्हणून किरकोळ भावच रास्त.

सालाचा हिशेब आजही असाच फसवतो. समजा साल 1,20,000 रुपयांना ठरलं. 365 ने भागलं की रोजचे 329 रुपये पडतात. पण सालदाराचा दिवस पहाटे गुरांच्या चाऱ्याने सुरू होतो, आणि लाइट रात्री आली तर रात्री मोटार चालू करून पाणी भरेपर्यंत लांबतो. बारा तास धरले तर आठ तासांना 219 रुपयेच उरतात. पुढे खाडे. दहा खाडे पडले आणि मालकाने बदली मजुराच्या रोजाने, म्हणजे 500 रुपयांनी कापले, तर 3,290 ऐवजी 5,000 जातात. गोठ्याची झाडलोट सालदाराची बायको करत असेल, तर तिचे तास याच रकमेत बुडालेले असतात. हा भागाकार निव्वळ अभ्यासकाचा नाही. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर काम करवून घेणं ही राज्यघटनेच्या कलम 23 खालची वेठ ठरते, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये सांगितलं. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात उचलीपोटी बांधलेलं कामही येतं.

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्यात हा प्रश्न त्याआधीच पेटला होता. 1972 मध्ये तिथे श्रमिक संघटना उभी राहिली. भिल्लांच्या हातून गेलेल्या जमिनी आणि सालदारांच्या अटी हे दोन्ही विषय तिने एकत्र हाताळले. त्यांना वेगळं काढताही येत नव्हतं, कारण जमीन गेलेलाच पुढे साल धरत होता. त्याच दुष्काळी वर्षी राज्यात रोजगार हमीची कामं पसरली. कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. पुढे 2006 मध्ये केंद्राची रोजगार हमी योजना राज्यातल्या ज्या पहिल्या 12 जिल्ह्यांत आली, त्यांत धुळे आणि नंदुरबार होते. हमीवर मजुरी मिळते ती मोजमापाने. मऊ माती, मुरूम, कठीण मुरूम यांचे दर वेगवेगळे. खणला मुरूम आणि नोंदली माती, की पूर्ण दिवस राबूनही रोज पुरा पडत नाही. मोजणी उशिरा झाली आणि खड्डा पावसाने भरला, तर वाद मिटतच नाही.

हमीखेरीज कामाची दुसरी वाट तापीच्या खाली, गुजरातेत जाते. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकात बारडोली भागातल्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीचा अभ्यास केला. तिथे तोडीला येणाऱ्यांना ‘खानदेशी’ म्हणूनच ओळखत. एकक माणूस नव्हतं, कोयता होता: नवरा-बायको, बरोबर बऱ्याचदा मूल. मजुरी टनावर, मुकादमाची उचल दिवाळीच्या आधी. कोयत्याचा पैसा बायकोच्या नावे वेगळा निघत नाही, त्यामुळे स्त्री-पुरुष मजुरीतली तफावत या हिशेबात दिसतच नाही. ती शून्य असते म्हणून नव्हे.

हे कोयते पाहणीत सापडतात का? 2007-08 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने अल्पकालीन स्थलांतरित म्हणून एक महिना ते सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेल्यांना धरलं. तोड दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यात संपते, म्हणजे ती या सीमेवरच येते. सहा महिने भरले की माणूस व्याख्येतून निसटतो.

बायकांचं आणखी एक. घरकाम आणि त्यासोबत घरासाठी सरपण, चारा, रानभाजी आणणारी बाई श्रमशक्ती पाहणीतल्या कोड 93 मध्ये जाते, म्हणजे श्रमशक्तीच्या बाहेर. सातपुड्यात मोहफुलं वेचून विकणारी बाई मात्र कामकरी ठरते. त्यामुळे ‘काय करता?’ असं विचारलं की ‘घरीच’ हे उत्तर येतं आणि फॉर्म 93 वर बंद होतो. ‘गेल्या हंगामात काय विकलं?’ असं विचारावं लागतं.

विषमतेच्या आकड्यांची गत वेगळी नाही. नमुना पाहणीच्या विभागांत नंदुरबार, धुळे, जळगाव आणि नाशिक एकत्र बसवले आहेत. मग धडगावचा पाडा आणि नाशिकची द्राक्षबाग एकाच सरासरीत येतात. जानेवारी 2025 पासून श्रमशक्ती पाहणीत बहुतेक ठिकाणी जिल्हा हा नमुन्याचा पाया केला आहे, त्यामुळे हे थोडं सुटेल. पण गणक तोडीच्या दिवसांत पोचला आणि घराला कुलूप दिसलं, तर त्या घराच्या जागी यादीतलं दुसरं घर घ्यावं लागतं, आणि ते बहुधा तोडीला न गेलेल्याचं असतं.