चिखलदऱ्याचे तलाव आणि पायथ्याची धरणं : गाडी ठरवण्याआधी हे वाचा

पाऊस लागला की परतवाड्यात आमच्याकडे रोज एकच विचारणा होते. "सकाळी निघतो, चिखलदऱ्याचे तलाव बघतो, गाविलगड करतो आणि येताना सापन, चंद्रभागा, शहानूर ही धरणंही करतो. रात्रीपर्यंत अमरावतीला पोचू ना?" पोचाल, पण बघून काहीच होणार नाही. दिवसभर गाडीत बसाल, प्रत्येक पाण्याशी दहा मिनिटं उभे राहाल आणि संध्याकाळी आमच्या ड्रायव्हरवर नाराज व्हाल. तसं होऊ नये म्हणून हे पत्रक छापलं आहे. गाडी ठरवण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकदा वाचावं.

फोनच्या नकाशावर ही सगळी पाणी एकमेकांना खेटून दिसतात. अंतर खरंच फार नाही, पण मधली उंची नकाशात दिसत नाही. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १११८ मीटरवर आहे आणि परतवाडा-अचलपूर चारशेच्याही खाली. म्हणजे तीसेक किलोमीटरच्या रस्त्यात सातशे मीटरहून जास्त चढायचं. वळणावळणाचा घाट, समोरून येणाऱ्या एसट्या, रस्त्यात बसलेली वानरं, पावसाळ्यात धुकं. नकाशा पाऊण तास सांगतो, तिथे आम्ही सव्वा तास धरतो. शनिवार-रविवारी दीड तासही लागतो.

यात एक चूक अशी आहे की ती जवळजवळ प्रत्येक नवा ग्राहक करतो आणि सगळा दिवस तिथेच जातो. वर जाताना, घाट लागायच्या आधीच, "धरण वाटेतच आहे ना, पाच मिनिटं थांबू" असं म्हणून गाडी वळवायची. पाच मिनिटं कधीच पाच मिनिटं राहत नाहीत. फोटो होतात, चहा होतो, पोरं काठावर खेळायला लागतात. दीड तास जातो. मग अकरा वाजता घाट चढायला लागतो, गाविलगडावर भर उन्हात पोचतो, आजी-आजोबा दिल्ली दरवाजापाशीच बसून घेतात आणि गडावरचे तलाव बघायचे राहून जातात. दुपारी तीनला जेवण, चारला धुकं उतरतं, आणि ज्या तलावासाठी आलो त्याचा समोरचा काठ दिसत नाही. म्हणून आमचा नियम सरळ आहे : वरची पाणी एका दिवशी, खालची पाणी दुसऱ्या दिवशी. एकच दिवस असेल तर दोन्हीतलं एक निवडा. पायथ्याचं एखादं धरण बघायचंच असेल तर ते उतरताना, उजेड उरला असेल तरच.

वरचा दिवस

परतवाड्याहून सकाळी सहाला निघायचं. आधी गाविलगड, कारण तिथे चालावं लागतं आणि चालणं थंड वेळेतच करावं. आर्थर वेलस्लीच्या फौजेने १५ डिसेंबर १८०३ ला नागपूरकर भोसल्यांकडून जो किल्ला घेतला, तो हाच. त्यानंतर दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. लोक तटबंदी आणि दरवाजे बघून परत फिरतात, पण गडाचं मर्म पाण्यात आहे. एवढ्या उंचावर फौज, घोडे, हत्ती पोसायचे तर पाणी अडवावंच लागतं. मच्छी तलाव, देवतलाव हे त्याच सोयीचे भाग. पावसाळ्यानंतर ते भरलेले असताना तटाच्या कडेने चाललं की बांधणाऱ्यांनी उतार कसा ओळखला होता ते कळतं. दोन तास ठेवा. गुडघ्याचा त्रास असलेल्यांना सगळा गड होत नाही, ते आधी सांगा, म्हणजे त्यांच्यासाठी दुसरा बेत ठेवता येतो.

मग कालापाणी आणि शक्कर तलाव. मुलं असतील तर शक्कर तलावावर जास्त वेळ द्या. बोटिंग पाण्यावर आणि हवेवर अवलंबून असतं, त्यामुळे त्याचं आश्वासन आम्ही देत नाही. निघायच्या आदल्या दिवशी विचारून कळवतो. दुपारी देवी पॉइंट, भीमकुंड. भीमाने कीचकाला मारून इथे हात धुतले, अशी इथली कथा आहे, आणि कीचकदरा हेच या गावाचं जुनं नाव असं जाणती माणसं सांगतात. गवळ्यांकडची रबडी आणि खवा जरूर घ्या. इथलं दूध जंगलात चरलेल्या जनावरांचं असतं, चव वेगळी लागते.

ग्राहक विचारतात, एवढा धो-धो पाऊस पडतो तर वरचे तलाव इतके लहान का, आणि उन्हाळ्यात ते इतके खाली का जातात? चिखलदरा डोंगराच्या माथ्यावर आहे. माथ्यावर पडलेलं पाणी थांबत नाही, दोन्ही अंगांनी उतरून जातं. दक्षिणेकडचं चंद्रभागेतून पूर्णेला, उत्तरेकडचं सिपनेतून तापीला. पुढे चांगदेवला पूर्णाही तापीलाच मिळते, म्हणजे एकाच ढगाचं पाणी डोंगराच्या दोन बाजूंनी फिरून शेवटी एकत्र येतं. तलावाच्या वाट्याला फक्त आजूबाजूच्या छोट्या उताराचं पाणी येतं. खालचा काळा खडक भेगाळलेला, त्यात मुरलेलं पाणी झऱ्याने दरीत निघून जातं. त्यामुळे एवढ्या पावसाच्या गावात मे महिन्यात पाण्याची ओढ असते. हे तलाव गावाच्या पिण्याचे आहेत. तिथे ताटं धुणं, साबण लावणं, उरलेला भात टाकणं कृपया करू नका. आमच्या गाडीत हात धुवायला पाण्याचा कॅन असतो आणि कचऱ्याची पिशवीही असते. ती भरून आम्ही खाली आणतो.

खालचा दिवस

डोंगरातून उतरलेलं पाणी जिथे मैदानाला लागतं तिथे ही धरणं बांधली आहेत : अचलपूर तालुक्यात सापन आणि चंद्रभागा, अंजनगाव सुर्जी तालुक्यात शहानूर, चांदूर बाजारकडे विश्रोळीला पूर्णा. यांच्यामागे पूर्ण डोंगराचं पाणलोट क्षेत्र असल्याने ती उशिरा भरतात आणि बराच काळ भरलेली राहतात. गहू-हरभऱ्याला पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या की पातळी हळूहळू उतरते. पाणी उतरलं म्हणून हिरमुसू नका. काठाला ओला गाळ उघडा पडतो तेव्हाच पक्षी येतात. डिसेंबर-जानेवारीत चक्रवाकाच्या जोड्या दिसतात, कधी पट्टकादंबांचा थवा उतरतो. त्यासाठी मात्र सूर्य उगवायच्या वेळी काठावर असायला हवं; दहा वाजता पोचणाऱ्याला पाण्याच्या मधोमध काळे ठिपके दिसतात. दुर्बीण आमच्याकडे आहे, आधी सांगितलं तर गाडीत ठेवतो, वेगळे पैसे नाहीत.

शहानूरबद्दल एक सूचना. शहानूर नावाचं गाव अकोट तालुक्यात नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याशीही आहे. मेळघाटात जायचा एक फाटक तिथे आहे. शहानूर धरण वेगळं, ते अंजनगावच्या बाजूला. स्वतःच्या गाडीने येणारे कित्येक जण फोनमध्ये नुसतं "शहानूर" टाकतात आणि थेट अकोला जिल्ह्यात पोचून आम्हाला फोन करतात. धरण बघायचं असेल तर "अंजनगाव सुर्जी" हे नाव धरून या. त्या वाटेवर पानमळे आणि पानपिंपरीच्या बागा लागतात. बागवान आपुलकीने दाखवतात, मात्र विचारल्याशिवाय आत शिरू नये.

कधी यावं

जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे बघायला या, तलाव बघायला नको. धुक्यात गाडीचा बोनेट कसाबसा दिसतो, तिथे तलाव कुठला दिसणार? सप्टेंबरचा शेवट ते नोव्हेंबर हा वरच्या पाण्याचा खरा काळ : तलाव भरलेले, हवा धुतलेली, डोंगर हिरवा. खालच्या धरणांना डिसेंबर-जानेवारी. एप्रिल-मेमध्ये थंड हवेसाठी जरूर या, वर मुक्काम करा, पण भरलेल्या तलावाची अपेक्षा ठेवू नका. आणि जमलं तर शनिवार-रविवार टाळा. मधल्या दिवशी घाट मोकळा असतो आणि भाड्यातही आम्ही सांभाळून घेतो.

आमच्या काही गोष्टी ज्या काहींना पटत नाहीत

"साठ-सत्तर किलोमीटरच झाले, मग दिवसाचं भाडं का?" असं बरेच जण म्हणतात. घाटात गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चालते, डिझेल मैदानाच्या कितीतरी जास्त खाते, ब्रेक झिजतात, आणि ड्रायव्हर सकाळी सहापासून तुमच्याबरोबर असतो. किलोमीटरवर भाडं लावलं तर ड्रायव्हरला घाई सुटते. दिवसावर लावलं म्हणून तो तुमच्यासाठी तलावाच्या काठी निवांत थांबतो. टोल, पार्किंग आणि वनखात्याची पावती लागली तर ती ग्राहकाची. बाकी काही मागून निघत नाही.

अंधार पडायच्या आत आम्ही घाट उतरतो. याला अपवाद नाही. सूर्यास्त वरूनच बघायचा असेल तर वर मुक्काम करा, राहायची सोय आम्ही बघून देतो. रात्री रस्त्यावर सांबर, गवा, अस्वल कुठूनही येतं. रस्ता त्यांचा आधी आहे. मेळघाटात व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ पासून आहे, देशातल्या अगदी पहिल्या प्रकल्पांपैकी एक. इथे जनावर गाडीखाली येणं आम्हाला सहन होत नाही.

आणि पाण्यात उतरायचं नाही. यावरून वाद होतात, तरी आम्ही हटत नाही. मातीच्या धरणाच्या आतल्या अंगाला दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर बसवलेल्या दगडांचा थर, असतं, त्यावर शेवाळ धरतं, पाय सटकला की धरायला काही नसतं. काठ उथळ दिसतो पण खाली गाळ असतो. गुडघाभर पाण्यात पाय रुतून माणूस अडकतो. सांडव्याखाली तर उभंही राहू नका. ज्या धरणांना दरवाजे आहेत तिथे विसर्ग सुरू झाला की नदीची पातळी बघता बघता चढते. मोर्शीजवळ सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाला तेरा दरवाजे आहेत, ते उघडले की बघायला गर्दी लोटते. आम्हीही नेतो, पण पोलिसांनी आखलेल्या जागेच्या पुढे नाही. पोहता येतं असं सांगणारे ग्राहकच आम्हाला जास्त काळजीत टाकतात.

फोन कराल तेव्हा तारीख, माणसं किती, त्यात लहान मुलं आणि वयस्क किती, गाडी लागणारं कुणी आहे का, आणि वरचा दिवस हवा की खालचा, एवढं सांगा. अर्धी रक्कम आगाऊ घेतो. जोराच्या पावसाने रस्ता बंद झाला तर ती पुढच्या तारखेला धरतो, बुडवत नाही. भाकरी, पिठलं, ठेचा असा डबा हवा असेल तर आदल्या संध्याकाळी सहापर्यंत कळवा. तो घरी बनतो, ऐन वेळी वाढवता येत नाही.